पेंढा भरलेलं वासरू

ताईच्या पत्राला मी उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र तसं लहानच होतं, वहीच्या फाडलेल्या कागदावर, एकाच बाजूला लिहिलेलं. मागची बाजू कोरी होती, जणू ती तिने माझ्यासाठी सोडली होती. आई जेवत नाही, असं तिने लिहिलं होतं. दादा आल्याशिवाय तोंड उघडणार नाही म्हणते. दादा गेला हे सांगितलं की तेवढ्यापुरती रडते, आणि डोळे पुसून झाले की विचारते, आला का तो? ‘तुझा चेहरा आता दादासारखा होत चाललाय. मागच्या खेपेला तू दारात उभा राहिलास तेव्हा माझ्याही काळजात चर्र झालं. त्याचा तपकिरी कोट अजून इथेच खुंटीला आहे. तो घालून तिच्यापुढे बस. बोलायलाही नको, दादा तरी कुठे फार बोलायचा. चार घास पोटात गेले तर म्हातारं माणूस तगतं. फोनवर तू नुसतं हं-हं करशील, म्हणून लिहितेय. ये.’ हे पत्र मी घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं आणि रोज सदरा बदलताना ते या खिशातून त्या खिशात नेत राहिलो. कागदाच्या घड्या मऊ पडल्या, कडा मळल्या. दोनदा मी ‘प्रिय ताई’ असं लिहून थांबलो. तिला आयुष्यात कधी प्रिय म्हटलं नव्हतं. ते दोन शब्द बघूनच मला कसंसं झालं आणि कागद फाडून टाकला.

मी तेव्हा ग्रंथालयाच्या तळघरात काम करत होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण शहराबाहेरची जुनी शेतकी शाळा बंद पडली आणि तिथली पुस्तकं आमच्या ग्रंथालयात येऊन पडली, तेव्हा ग्रंथपालबाईंनी मला बोलावून घेतलं. ‘काका, ही जुनी मंडळी तुमच्याच ओळखीची. आमच्या मुलींना यातलं काही कळत नाही, आणि खरं सांगू का, त्या हातच लावत नाहीत.’ जनावरांची, पिकांची, किडींची, तणांची पुस्तकं; चामड्याच्या पाठीची, जाड, ओलीने फुगलेली. प्रत्येकाचं एक कार्ड करायचं: नाव, पानं, चित्रं, आणि शेवटी पुस्तकाची अवस्था. मला वाटलं होतं, म्हातारपणी यापेक्षा चांगलं काम कुणाला मिळेल? लहानपणापासून मी पुस्तकात पक्षी पाहिले, झाडं पाहिली, आणि खिडकीतून पाहिली नाहीत. पुस्तकातल्या गाईला वास नसतो. निदान मला तसं वाटत होतं. पण माझ्या वाटण्याचा भरवसा मी तरी किती धरावा?

कारण या पुस्तकांना वास होता. त्या शाळेची एक रीत होती आणि ती मला आधी कुणी सांगितली नव्हती. मुलांना किडींची, रोगांची ओळख करून देताना मास्तर खरी वस्तू आणायला लावत आणि पुस्तकातल्या चित्रावर ठेवून ताडून बघायला सांगत. गोचिडीच्या चित्रावर गोचीड ठेवायची, अळीच्या चित्रावर अळी. जुळलं की मुलं पुस्तक मिटून मोकळी होत. काढून टाकायचं कुणाच्या लक्षात राहत नसे, किंवा राहूनही कुणी काढत नसे. त्यामुळे मी पान उघडायचो आणि चित्राच्या जागी एक तपकिरी, तेलकट डाग असायचा, मधोमध चपटं झालेलं काहीतरी, त्याचे पाय चित्रातल्या पायांवर नीट बसलेले. गव्हावरचा काणी रोग दाखवणाऱ्या पानावर काणीची खरी काळी भुकटी पडलेली होती आणि तिला इतक्या वर्षांनीही सडक्या मासळीची घाण येत होती. डुकराच्या आतड्यातले जंत दाखवणारं घडीचं मोठं चित्र मी उलगडलं, तर घडीत एक वाळलेली, पिवळट फीत होती. ती चित्राचा भाग आहे असं समजून मी बोट फिरवलं आणि ती मोडली.

बाजूच्या टेबलावर आमचा बाइंडर बसायचा. त्याला कशाचंच काही वाटत नसे. खळ ढवळता ढवळता तो मोठ्याने विचारायचा, ‘काय काका, आज कुणाचं दर्शन?’ मी काहीतरी पुटपुटलो की उठून यायचा, ब्रशने ते चपटं झालेलं उचलायचा, दिव्याकडे धरायचा. ‘बघा, अजून पोट भरलेलं आहे याचं. कुठल्या बैलाचं रक्त असेल?’ एकदा मी त्याला म्हटलं, जेवायच्या वेळेला तरी असलं बोलू नका. तो हसला. ‘अहो, मग कशाबद्दल बोलू? तुम्ही जेवताय ते तरी काय, कशाच्या तरी अंगातून निघालेलंच ना?’ मी डबा बंद केला. त्यानंतर काही दिवस मी डबा वर, जिन्यात बसून खाल्ला. तिथे फिनेलचा वास येई, पण फिनेल मला चालतं.

घरात मला नाक्या म्हणत. माझं नाक मोठं म्हणून ते नाव पडलं नव्हतं, मी ते सारखं दाबून धरायचो म्हणून पडलं होतं. दुधावरची साय, ओल्या टॉवेलचा वास, कंगव्यातले केस, दुसऱ्याने प्यालेल्या भांड्याची कड, एवढ्याने मी खोलीतून उठून जायचो. दादा मुद्दाम माझ्यासमोर नाक शिंकरायचा आणि आई त्याला रागवायची, पण रागावताना तिच्याही ओठांच्या कोपऱ्यात हसू असे. तिला दादाचा धसमुसळेपणा आवडायचा. तापात तिची ओकारी त्याने ओंजळीत धरली होती, तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागला होता. हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. मी तेव्हा कुठे होतो ते ती कधीच सांगत नसे. मी खाटेखाली होतो, नाक भिंतीला लावून. चुन्याच्या भिंतीचा तो गार, कोरडा वास अजून माझ्या नाकात आहे, आणि मला तो जगातला सर्वांत स्वच्छ वास वाटतो.

ज्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे त्या दिवशी मी गाईंवरचं एक पुस्तक घेतलं होतं. दुभत्या जनावरांची निगा, धार काढण्याच्या तऱ्हा, असलं. अर्ध्याच्या पुढे एक प्रकरण होतं, वासरू मेलेल्या गाईचं. वासरू मेलं की गाय दूध चोरते, पान्हा सोडत नाही. अशा वेळी, लेखक शांतपणे सांगत होता, मेलेल्या वासराचं कातडं सोलून घ्यावं, मीठ चोळून वाळवावं, आत पेंढा भरून शिवावं, पायांना काठ्या लावाव्यात आणि धारेच्या वेळी ते गाईपुढे उभं करावं. गाय चाटू लागते. चाटता चाटता पान्हा सुटतो. पुढे त्याने लिहिलं होतं की चाटून चाटून कातड्यावरचे केस जातात, शिवण उसवते, पेंढा बाहेर येतो, आणि कधीकधी गाय तो पेंढा खातेही. त्याने बिघडत काही नाही. पुढे पुढे तर अख्ख्या वासराचीही गरज उरत नाही. धार काढणाऱ्याने कातड्याचा एक तुकडा गुडघ्यावर टाकून बसावं, तेवढ्याने भागतं. समोरच्या पानावर त्या वासराचं चित्र होतं. चार काठ्यांवर उभं, डोळ्यांच्या जागी टाके. आणि शाळेच्या रीतीला जागून कुणीतरी त्या चित्रावर खरा नमुना चिकटवला होता. माझा अंगठा आधीच त्यावर पडला होता. तांबूस, आखूड केस होते, एका दिशेने बसलेले. उलट्या दिशेने अंगठा ओढला तेव्हा ते उभे राहिले.

मी पुस्तक मिटलं नाही, ढकललं. ते खळीच्या भांड्यावर आपटलं आणि बाइंडर म्हणाला, ‘अहो, अहो, काका!’ मी जिन्याखालच्या बेसिनशी जाऊन हात धुतले. साबण पुन्हा पुन्हा लावला. अंगठ्याच्या पेरात तो केसाळपणा तसाच होता, जणू तो माझ्याच कातडीला फुटला होता. आणि हात धुता धुता मला एक प्रकारचं समाधानही वाटत होतं, हे लिहायला हवं. ताईला काय उत्तर द्यायचं ते आता मला सापडलं होतं. तिने मला काय व्हायला सांगितलं होतं? मेलेल्या मुलाचं कातडं पांघरून आईपुढे उभं राहायला. आत मी असेन काय, पेंढा असेल काय, सारखंच. आई माझ्या बाहीवरून हात फिरवील, ‘दादा’ म्हणेल, तोंड उघडेल, आणि ताई मागून पटकन चमचा आत सारील. मी मनातल्या मनात वाक्यं रचली. म्हातारपणाला फसवू नये. जी माणसं आपली आहेत त्यांच्याशी निदान शेवटी तरी खरं वागावं. मला एकदा तरी तिने माझ्या नावाने हाक मारावी, एवढंही मागायचा मला हक्क नाही का? वाक्यं चांगली होती. मला चांगली वाक्यं सहसा सुचत नाहीत, म्हणून मी ती पाण्याच्या धारेखाली पुन्हा पुन्हा म्हणून पाहिली.

मागच्या खेपेला मी आईकडे गेलो होतो तो दिवस मात्र त्या वाक्यांत बसत नव्हता. ताईला बाहेर काम होतं. तिने बशी माझ्या हातात दिली, दुधात भिजवलेला पाव, आणि म्हणाली, ‘एवढं भरव. हळूहळू दे. कवळी काढलेली आहे.’ खोलीत कोंदट, गोडसर वास होता. आईचं तोंड मी आधी इतकं जवळून पाहिलंच नव्हतं. ओठ आत वळलेले, कोपऱ्यात पांढरं काही साचलेलं, हिरड्या एखाद्या न जन्मलेल्या जीवाच्या असाव्यात तशा गुलाबी आणि ओल्या. कवळी उशाशी पेल्यात पडली होती, पाण्यात, स्वतःशीच हसत. मी चमचा पुढे केला. तिने घास घेतला, थोडा वेळ घोळवला आणि परत बाहेर काढला. तो माझ्या तळहातावर पडला. कोमट होता. मी हात मागे घेतला; फार जोरात घेतला असेन, कारण बशी कलंडली आणि दूध चादरीवर सांडलं. मी मोरीत गेलो आणि हात धुतले. परत आलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. झोपली असं मी ताईला सांगितलं. त्याच संध्याकाळच्या गाडीने निघालो.

हात पुसून मी टेबलाशी परत आलो आणि कार्डावर लिहायला घेतलं. अवस्था: अमुक पानावर चामड्याचा तुकडा चिकटवलेला. इतक्यात वरून ग्रंथपालबाईंनी जिन्यात वाकून हाक मारली. ‘काका, फोन. तुमच्या ताई आहेत.’ ताईने ग्रंथालयात कधी फोन केला नव्हता. जिना चढताना मला वाटलं, संपलं. आणि त्या वाटण्यात थोडी सुटका होती. तीही मला तिथेच, पायरीवर, घाणेरडी वाटली.

‘काय रे नाक्या,’ ताई म्हणाली, ‘माझं पत्र मिळालं, की त्याचंही कार्ड करून कपाटात ठेवलंस?’

‘लिहिणारच होतो.’

‘लिहू नकोस. आणि येऊही नकोस आता. जमलं.’

‘काय जमलं?’

‘आई जेवली. तो येतो ना रे आपल्याकडे तिला उचलायला, बसवायला, आधी दवाखान्यात कामाला होता तो माणूस. त्याला गारठा बाधला होता, शिंकत होता सारखा, म्हणून मी दादाचा कोट दिला घालायला. तो खोलीत गेला आणि हिने धरला की त्याचा हात! अख्खा पाव खाल्ला. वर दूधही प्यायली.’

‘पण तो दादासारखा दिसतो का?’

‘दिसतो कुठला! टक्कल पडलंय त्याला. दोन दादा मावतील एवढा आहे, कोटाचं बटण लागत नाही पोटावर.’ ती हसली, हसता हसता खोकली. ‘काय करायचंय आपल्याला? खाते ना. काल तर त्याला म्हणाली, दादा, तू फार जाड झालास. तो म्हणाला, हो आई.’

ग्रंथपालबाई माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत पेन्सिलीला टोक काढत होत्या. कातड्याचा तुकडा गुडघ्यावर टाकला तरी भागतं. माझ्या चेहऱ्याचीही गरज नव्हती. ज्या चेहऱ्यापायी मी इतके दिवस एवढा संकोचलो, तो मुळात कुणाला हवाच नव्हता. मला राग आला आणि मी कशावर रागावलोय ते मला सांगता आलं नसतं.

‘ऐकतोयस ना? हं तरी म्हण.’

‘हं.’

‘तुझंही नाव निघालं.’ ताईचा आवाज खाली आला. ‘तुला सांगणार नव्हते.’

‘काय म्हणाली?’

‘त्यालाच म्हणाली, दादा समजून. नाक्याला बोलावू नका म्हणाली. त्याला माझी किळस येते. पोर उगाच ओकेल, आणि मग रडत बसेल.’

पेन्सिलीचं टोक मोडलं. बाईंनी पुन्हा सुरुवात केली.

‘सांगणार नव्हतीस तर सांगितलंस कशाला?’ मी म्हणालो.

‘मी एकटीने किती ऐकायचं रे सगळं?’ ताई म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

मी खाली गेलो नाही. छत्री, डबा, चष्म्याचं घर, सगळं टेबलावर राहिलं. रस्त्यावर माणसं कामावरून परतत होती, बेकरीपुढे रांग होती, एक बाई मुलाचं नाक रुमालाने पुसत होती आणि मूल मान फिरवत होतं. मी माझी वाक्यं आठवून पाहिली. म्हातारपणाला फसवू नये. सगळी वाक्यं जागच्या जागी होती, एकही शब्द हललेला नव्हता, आणि त्यांना वास येत होता. आई भिंतीकडे तोंड करून झोपली नव्हती. ती ऐकत होती. मोरीतला नळ किती वेळ चालू होता, हे ती भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. पोटचा मुलगा मेला हे तिच्या डोक्यातून रोज पुसलं जातं, ताई आली-गेली ते पुसलं जातं, आज वार कोणता ते पुसलं जातं, आणि तो नळ मात्र राहिला. तो तिने जपून ठेवला, आणि तक्रार म्हणून काढला नाही. माझी सोय बघायला काढला. त्याला बोलावू नका. पोर ओकेल.

पोर. माझ्या तोंडात एव्हाना पुढचे दात माझे नाहीत. रात्री मीही ते काढून ठेवतो, डबीचं झाकण घट्ट लावतो, आणि सकाळी आरशाकडे न बघता बसवतो. हे कुणाला ठाऊक नाही. एकटं राहण्याचा तेवढा एक फायदा आहे असं मी समजत आलो. मला सर्वांत जास्त किळस आली ती गोचिडीची नव्हती, त्या कातड्याच्या तुकड्याची नव्हती, आईच्या तोंडाचीही नसावी. बेसिनशी उभं राहून सुंदर वाक्यं जुळवणारा माणूस मी डोळ्यांपुढे आणला आणि पोटातून खरोखरच आंबट पाणी वर आलं. एका दुकानाच्या बंद फळीला हात टेकून मी थोडा वेळ उभा राहिलो. आतून कुणीतरी विचारलं, ‘कोण आहे?’ मी ‘कुणी नाही’ म्हणालो आणि पुढे निघालो.

मी दादा होऊ शकणार नाही. त्या टकल्या माणसाइतकाही होऊ शकणार नाही. त्याला ‘हो आई’ म्हणता येतं. मला किळस येते, येतच राहील, या वयात ती जाण्यासारखी नाही. ती गेली की मग जाईन, अशी मी वाट बघत होतो बहुधा, किंवा आई जाण्याची वाट बघत होतो. दोन्हींत फार फरक नव्हता. किळस घेऊनही जाता येतं, ही गोष्ट इतकी साधी होती की एवढी पुस्तकं वाचलेल्या माणसाला ती या वयात सुचावी याची मला लाज वाटली. कदाचित मी चुकतही असेन. कदाचित दारातूनच परत फिरेन. पण ताईने एकटीने किती ऐकायचं, या प्रश्नाला माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं.

पोस्टात काउंटरपाशी दोरीला बांधलेलं पेन असतं, ते चिकट असतं. मी त्यानेच लिहिलं. ताईच्या पत्राच्या मागच्या, कोऱ्या बाजूवर लिहिलं, कारण दुसरा कागद जवळ नव्हता.

‘ताई, आई म्हणाली ते खरं आहे. मला किळस येते. मी येतोय. कोट त्या माणसाकडेच राहू दे, आणि त्याच्या हातून खाते तोवर त्याच्याच हातून खाऊ दे, त्यात मी मधे येणार नाही. खाऊन झाल्यावर तिचं तोंड मी पुसीन. कवळी मी धुवीन. चादरी, भांडं, बाकीचं जे काय असेल ते मला दाखवून ठेव, मला एकदा सांगितलेलं कळतं. पहिले काही दिवस मी खोलीत असताना तू आत येऊ नकोस. ओकलो तर माझं मी निस्तरीन. पण तिला सांग, नाक्या येतोय. दादा येतोय म्हणू नकोस.’

तिथेच पाकीट विकत घेऊन त्यावर पत्ता घातला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘आजची डाक निघायचीये, बाहेरच्या पेटीत टाकलंत तर जाईल.’ फोनवर मला हे बोलता आलं नसतं, तेव्हा माझ्याआधी पत्र पोचणं भाग होतं. मी गाडी परवाची धरायचं ठरवलं. पेटीच्या तोंडाला गंज होता, त्यावर पानाच्या पिचकारीसारखं काहीतरी वाळलं होतं. मी पाकीट आत सोडलं, आणि ते मधेच अडकू नये म्हणून मनगटापर्यंत हात आत घालून खाली ढकललं.